दाराच्या आधीचं मिनिट

बाबांना जाऊन एकवीस दिवस झाले होते, आणि ते रोज सकाळी सव्वासहाला बोलत होते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक शिंपीण राहते. ती भल्या पहाटे मशीनवर बसते आणि रेडिओ लावते. तिच्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या एकाच अरुंद बोळात उघडतात, त्यामुळे तिच्याकडचा आवाज भिंतीला धरून वर येतो. ‘उठलात का? चला, थोडा वेळ माझ्याजवळ बसा.’ एकतीस वर्षं बाबांनी रेडिओवरच्या आपल्या सकाळच्या प्रार्थनेच्या कार्यक्रमाची सुरुवात याच वाक्याने केली. मी खिडकी लावून घेत असे. मग शब्द ऐकू येत नसत, नुसता चढउतार येई, आणि ते जास्त वाईट होतं. लहानपणी भिंतीपलीकडून मला बाबा असेच ऐकू यायचे.

यात चमत्कार काही नव्हता. बाबा कायम चाळीस कार्यक्रम शिलकीत ठेवायचे. आई त्यांना चिडवायची, की जगाच्या अंताची इतकी तयारी फक्त बायबलातल्या तारू बांधणाऱ्या नोहाने केली असेल. ते म्हणायचे, ‘अंताची नव्हे गं, सर्दीची.’ घसा बसला तरी लोकांची सकाळ चुकू नये, एवढाच हिशोब. शिलकीतला कार्यक्रम शिळा वाटू नये म्हणून ते माईकसमोर कधी वार सांगत नसत, तारीख नाही, पाऊस-ऊन नाही. फक्त ‘आज’. ही सवय घरात इतकी मुरली होती, की दवाखान्याची वेळ घ्यायची असली तरी ‘कोणत्या दिवशी’ हे आईला त्यांच्याकडून वदवून घ्यावं लागायचं. ‘तुमचं आज म्हणजे नक्की कधी?’ असं ती विचारायची.

ते गेले त्याही सकाळी सव्वासहाला ते छान खणखणीत बोलले. त्यानंतर मी त्यांच्या वस्तू आवरल्या, कॉलेजच्या ग्रंथालयात परत कामावर जाऊ लागले, आणि शिलकीतले कार्यक्रम मोजत राहिले. एकवीस झाले. एकोणीस उरले. एकोणीस दिवसांनी बाबा खरे गप्प होतील असं मला वाटत होतं. त्या दिवसाची मी वाट बघत होते की मला त्याची भीती वाटत होती, हे मला सांगता येणार नाही.

बाविसाव्या दिवशी स्टेशनच्या संचालकांचा फोन आला. बाबांचा खण रिकामा करायचा आहे, आणि एका कागदावर माझी सही हवी आहे.

रेडिओ स्टेशन म्हणजे एका रंगाच्या दुकानावरचा दुसरा मजला. जिना चढताना टर्पेंटाइनचा वास येतो. वर लांब बोळ, बोळाला करडा गालिचा, आणि दोन्ही बाजूंना इतकी जाड दारं की ती लावली की कानांना दडे बसल्यासारखं होतं. लहानपणी मी सुट्टीत इथे यायचे, तेव्हा बोळातून मोज्यांवर चालावं लागे. तेवीस-चोवीस वर्षांनी आले तरी पाय आपोआप चपलेतून बाहेर आले.

संचालक स्वतः पूर्वी एका चर्चचे पाळक होते. सडपातळ, हळू बोलणारा माणूस. समोरच्याचं बोलणं संपल्यावर ते दोन क्षण थांबत, जणू त्याला अजून काही कबूल करायचं असेल. त्यांनी चहा मागवला आणि मुद्द्यावर आले. उरलेले कार्यक्रम तसेच जाऊ द्यायचे. ते संपले की माझ्या आवाजात छोटीशी घोषणा, की तुमचे सोबती प्रभूकडे गेले. श्रोते त्यांना सोबतीच म्हणत. त्यानंतर जुन्या कार्यक्रमांतले निवडक पुन्हा लावायचे, निदान पाच वर्षं, आणि त्याला घरच्यांची परवानगी म्हणून माझी सही.

मी विचारलं, की गेलेला माणूस सहा आठवडे बोलत राहतो आणि कुणाला सांगायचं नाही, हे बरं दिसतं का? ते म्हणाले, की देवाचं वचन म्हातारं होत नाही. माणूस कळवून गेला काय आणि न कळवता गेला काय, त्याने पेरलेलं उगवतंच. ते हे मनापासून म्हणत होते. मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि खण रिकामा करायला उठले.

खण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत होता, आणि ती खोली कात्रीकाकांची. बाबा आणि ते एकाच वर्षी इथे लागले. तेव्हा टेप पात्याने कापून चिकटवायची असे, आणि यांच्यासारखी सफाईने टेप कापणारा दुसरा नव्हता. आता सगळं पडद्यावर होतं, पण नाव राहिलं. मला बघून ते उठले नाहीत. नुसती शेजारची खुर्ची पायाने माझ्याकडे ढकलली. बाबांची खुर्ची.

“बस. करकरते, पण सवय होते,” ते म्हणाले. “एकतीस वर्षं ही करकर काढून टाकायचा पगार घेतलाय मी.”

थोड्या वेळाने म्हणाले, की बाबांचे श्वासही तेच काढायचे. प्रत्येक वाक्याआधी बाबा ओढून श्वास घेत. रोजचे पाव किलो तरी निघायचे. मी हसले आणि खण उघडला.

खणात खोकल्याच्या गोळ्या होत्या, तीन चष्मे, पेन्सिली, आणि पत्रांचा एक गठ्ठा. श्रोत्यांची पत्रं बाबा घरी आणत नसत. घरी आणली तर तुम्हाला माझी ईर्षा वाटेल, असं काहीतरी थट्टेत म्हणायचे. या गठ्ठ्यातली सगळी पत्रं एकाच हाताची होती. निळी शाई, रुळासारखं सरळ अक्षर. गठ्ठ्यात जसजसं वर यावं तसतसं ते अक्षर मोठं होत गेलं होतं. सगळ्यात वरच्या पत्रात एका ओळीत चार-पाचच शब्द मावत होते.

ते पत्र मी तिथेच वाचलं. लिहिणारी एक निवृत्त परिचारिका होती, एकटी राहणारी. तिने लिहिलं होतं, की पुढच्या चौदा तारखेला तिचं हृदयाचं ऑपरेशन आहे आणि डॉक्टरांनी वय बघून फार आशा दिलेली नाही. त्याचं तिला काही नाही, बऱ्याच लोकांना तिने स्वतः त्या दारापर्यंत पोहोचवलंय. पण एक गोष्ट राहिली आहे. अकरा वर्षांपूर्वी सोबतींनी आपल्या पत्नीसाठी प्रार्थना करायला सांगितलं होतं. त्या दिवसापासून तिने एकही दिवस चुकवला नाही. पत्नीचं पुढे काय झालं ते मात्र सोबती कधी बोलले नाहीत. ‘त्या बऱ्या झाल्या का, एवढंच सांगा. माझी मागणी कुठे पोहोचली का, ते जाण्याआधी कळावं. पत्र पाठवू नका, मला आता वाचता येत नाही, हे लिहिते तेही अंदाजाने. रेडिओवर सांगा.’

पत्राला टाचणीने तीन कागद लावले होते. तिन्हींवर बाबांच्या पेन्सिलीतलं एकच वाक्य. ‘ताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.’ त्यापुढे तिन्ही कोरे.

आई अकरा वर्षांपूर्वी गेली.

“त्यांनी कधीच सांगितलं नाही?” मी विचारलं.

“कधीच नाही,” कात्रीकाका म्हणाले.

मला त्या आठवड्यातलं थोडंफार माहीत होतं. आईच्या आजारपणात बाबा तिला सोडून हलत नसत. कार्यक्रम घरीच, तिच्या खोलीत ध्वनिमुद्रित करायचे. खिडकीला गोधड्या टांगलेल्या, आरशाच्या टेबलावर माईक, आणि पलंगावर आई, जी म्हणायची, ‘इतकं तोंडासमोर प्रवचन फुकटात कुणाला मिळतं?’ शेवटी वेदनांनी तिला झोप लागेना. नऊ रात्री तिने डोळा मिटला नाही. तेव्हा बाबांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा आणि शेवटचं स्वतःसाठी काही मागितलं. एका बैठकीत सहा कार्यक्रम केले आणि सहाही कार्यक्रमांत म्हणाले, की माझ्या पत्नीला झोप लागत नाही, तिला शांत झोप लागावी म्हणून माझ्याबरोबर मिनिटभर थांबा.

चार दिवसांनी आई गेली. त्या सहांतला पहिला कार्यक्रम लागला तो तिच्या दफनाच्या दिवशी. सकाळी मी पाहुण्यांसाठी पाणी गरम करत होते आणि खालून बाबांचा आवाज आला, माझ्या पत्नीला झोप लागत नाही. बाबा माझ्या मागेच उभे होते, काळ्या कोटात, गुंडी लावत. मी खिडकी लावली. त्यानंतर पाच सकाळी मी ती लावत राहिले. मग पत्रं येऊ लागली असणार, आम्ही प्रार्थना करतोय, धीर धरा. मी बाबांना म्हटलं होतं, त्यांना सांगून टाका. ते म्हणाले होते, ‘सांगतो.’ आठवड्याने पुन्हा विचारलं, पुन्हा ‘सांगतो’. मग मी विचारणं सोडलं. चर्चला जाणंही त्याच सुमारास सोडलं. सव्वासहाला घरात रेडिओ लावायचा नाही हा नियम मी केला आणि बाबांनी तो एक शब्दही न बोलता पाळला. मी समजून चालले होते की कधीतरी त्यांनी सांगितलं असेल.

कात्रीकाकांनी सांगितलं, की त्या वेळी उरलेले पाच कार्यक्रम काढून टाकायला ते तयार होते. दोन तासांचं काम होतं. बाबा म्हणाले, राहू देत, लोक मागताहेत, त्यांना मध्येच कसं थांबवू? आणि मग सांगायचा दिवस काही उगवला नाही.

“मला त्यांनी एकदा विचारलं होतं,” काका म्हणाले. “म्हणाले, तुला वाटतं का मी खोटं बोलतोय? मी म्हटलं, तुम्ही काही बोललाच नाहीत, तर मी कापू काय?”

मी रागावले होते. मेलेल्या माणसावर रागवायला एक विशिष्ट प्रकारची एकाग्रता लागते. ती माझ्याकडे होती. काकांना ते दिसलं असावं. त्यांनी पडद्यावरच्या दोन रेघा सरकवल्या आणि विचारलं, “तू कार्यक्रमातलं ते मिनिट ऐकलंयस कधी?”

शेवटच्या प्रार्थनेआधी बाबा एक मिनिट गप्प राहतात हे मला माहीत होतं. प्रत्येकाने आपापलं मागणं मनात मागायचं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. गप्प बसलेला माणूस रेडिओवर काय ऐकायचा?

काका म्हणाले, की तिथेच तर गंमत आहे. रेडिओवर खरंच गप्प बसता येत नाही. दहा सेकंद काहीच आवाज गेला नाही, तर प्रक्षेपणाच्या यंत्राला वाटतं आपण मेलो, आणि ते आपणहून ऑर्गनचं संगीत लावून मोकळं होतं. म्हणून शांततासुद्धा कुठल्यातरी खोलीची घ्यावी लागते. पंखा बंद करायचा, माईक चालू ठेवायचा, आणि खोलीचा जो काही बारीक आवाज असेल तो मिनिटभर घ्यायचा. पूर्वी ते याच स्टुडिओची शांतता वापरत. आई गेल्यावर पंधरा दिवसांनी बाबा एक छोटा तुकडा घेऊन आले आणि म्हणाले, यापुढे मिनिटाला हे लाव. अकरा वर्षं रोज तेच मिनिट गेलं.

त्यांनी माझ्या कानांना हेडफोन लावले.

आधी मला काहीच ऐकू आलं नाही. मग गोधड्यांमागची एक दबकी, उबदार पोकळी. त्या खोलीला वास होता हे मला ऐकता ऐकता आठवलं. मग त्या पोकळीच्या तळाशी एक श्वास. जाणारा, थांबणारा, आणि किंचित घसरत परत येणारा. परत येताना शेवटी एक बारीकशी शीळ. आईला लहानपणापासून नाकाचा त्रास होता. ती झोपली की अशी शीळ यायची, आणि आम्ही प्रवासात तिची त्यावरून चेष्टा करायचो.

ती झोपली होती.

मी ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा काका म्हणाले, “हे कापलेलं आहे. मूळ थोडं मोठं आहे.”

मी म्हटलं, मूळ लावा.

“दाराच्या आधी काप, असं त्यांनी मला बजावलं होतं. आणि वर असंही म्हणाले, की पोरीने मागितलं तर दे. मागितलं तरच.”

मूळ एकोणनव्वद सेकंदांचं होतं. साठ सेकंद तो श्वास. मग आणखी काही. मग दाराची कडी, बिजागरीची कुरकुर, ट्रेवर चमचा सरकल्याचा आवाज. श्वास अडखळला. कपड्यांची सळसळ. आणि आईचा आवाज, झोपेने जड, अगदी हळू.

“दार हळू लाव गं. त्यांचं चाललंय.”

दाराशी मी होते. दुपारी चारचं औषध मी घेऊन जात असे. नऊ रात्रींनंतर तिला लागलेली ती पहिली झोप होती, आणि पुढच्या चार दिवसांत तिला पुन्हा झोप लागली नाही, हे मला पक्कं माहीत आहे, कारण मी तिथेच होते. ते दार मात्र मला आठवत नाही. कितीही ताण दिला तरी आठवत नाही. रोज चार वाजता मी ते उघडत होते, त्यातलं हे एक.

बाबांना ते आठवत होतं. ते माईकसमोर बसून होते, आई झोपली म्हणून काम थांबवून, बोट बटणावर ठेवून. त्या दुपारी मला ते काही म्हणाले नाहीत. पुढे अकरा वर्षं एका घरात राहिलो, एका टेबलावर जेवलो, त्यांनी मला रेडिओ लावायला सांगितलं नाही आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. दाराच्या आधी काप. आईच्या मरणाबद्दल ते बोलायला लागले असते, तर शेवटी त्या दुपारपर्यंत आलेच असते. ते फार सरळ माणूस होते, अर्धवट सांगणं त्यांना जमत नसे. म्हणून ते कुठूनच सांगू शकले नाहीत. हा माझा तर्क आहे. त्यांना विचारायची सोय उरलेली नाही.

ती नऊ तारीख होती. मी संचालकांच्या खोलीत परत गेले आणि म्हटलं, की मी सही करते, घोषणाही करते, पण शिलकीतले कार्यक्रम संपल्यावर नाही. या शनिवारी, बारा तारखेला. आणि दोन्ही मृत्यूंची.

त्यांनी निळ्या शाईचं पत्र वाचलं आणि बराच वेळ हातात धरलं. मग म्हणाले, की बाबांचं सांगू या, शनिवारी सांगू या, त्यांची हरकत नाही. पण आईंचं आता काढू नये. हजारो लोकांनी आपली सकाळ विश्वासाने या माणसाच्या हाती दिली होती. त्यांना अकरा वर्षांनी कळणार, की आपण एका मेलेल्या बाईच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करत होतो. त्यातल्या काहींचा विश्वास तेवढ्यावरच टेकलेला असेल.

“ते खोटं बोलले नाहीत,” ते म्हणाले. “ती जिवंत आहे असं त्यांनी एकदाही म्हटलेलं नाही.”

“गेली असंही म्हटलेलं नाही.”

त्यांनी मला विचारलं, की समजा मी माईकसमोर बसले, तर त्या बाईला सांगणार काय? तिचा प्रश्न साधा आहे. मागणी पोहोचली का? मी तर चर्चलाही येत नाही.

मी म्हटलं, काय झालं ते सांगेन. पोहोचली की नाही ते तिचं तिला कळेल. ती परिचारिका होती.

नंतर संचालकांनी एक गोष्ट सांगितली. ती मी इथे लिहिते, कारण त्यांच्याबद्दल माझं मत त्यामुळे बदललं. आई गेल्यावर सहा महिन्यांनी बाबा या खोलीत राजीनामा घेऊन आले होते. म्हणाले, मला प्रार्थना येत नाही आता. तोंडातून येते, पण येत नाही. संचालकांनी त्यांना सुट्टी घ्यायला सांगितलं. बाबांनी थोडा विचार केला आणि कागद परत खिशात घातला. म्हणाले, ‘विश्वास नसलेल्या दिवशीही सव्वासहा वाजतातच.’ आणि बोळापलीकडे जाऊन त्या दिवशीचे दोन कार्यक्रम केले.

“ते दोन मी आजही शोधून काढू शकत नाही,” संचालक म्हणाले. “बाकीच्यांसारखेच आहेत.” मग त्यांनी पत्र मला परत दिलं. “तीन मिनिटं. त्याहून जास्त नको.”

शुक्रवारी दुपारी मी बाबांच्या जागी बसले. कात्रीकाकांनी माईक माझ्या उंचीला आणला, काचेपलीकडे गेले आणि तिथून बोलले, की घाबरू नकोस, चुकलं तर पुन्हा करता येतं. मग त्यांनाच आठवलं. बाबा वाचनात चुकले तर पुन्हा वाचत. प्रार्थनेत चुकले तर तसंच ठेवत. एकदा प्रार्थनेच्या मध्यात त्यांना शिंक आली होती, तीही राहिली. प्रार्थना काही पुन्हा करत नाहीत, म्हणायचे, ती एकदाच पोहोचलेली असते.

“हे कशात धरायचं?” काकांनी विचारलं. “वाचनात की त्यात?”

मी म्हटलं, एकदाच करू.

मी कागद नेला होता, पण त्यातलं अर्धंच वाचलं. मी म्हटलं, की मी तुमच्या सोबतींची मुलगी. बाबा तीन आठवड्यांपूर्वी, अठरा तारखेला सकाळी, घरी, खुर्चीत गेले. त्यानंतर तुम्ही जे ऐकलंत ते आधी करून ठेवलेलं होतं. हे आम्ही तुम्हाला लगेच सांगायला हवं होतं. मग म्हटलं, की ज्या ताई निळ्या शाईने लिहितात, त्यांनी एक प्रश्न विचारला आहे, आणि बाबांनी उत्तर द्यायला तीनदा कागद घेतला होता. माझी आई बरी झाली नाही. अकरा वर्षांपूर्वीच गेली. बाबांनी तुमच्याकडे तिच्यासाठी आयुष्य मागितलं नव्हतं, झोप मागितली होती. ती तिला एका दुपारी लागली, बाबा शेजारी होते आणि माईक चालू होता. रोज या कार्यक्रमात तुम्ही जे मिनिट ऐकता, ती तिची ती झोप आहे. आज ते मिनिट थोडं मोठं आहे. शेवटी एक दार उघडेल. ते मी उघडलं होतं.

माझा आवाज एका ठिकाणी फाटला. काकांनी काचेपलीकडून हाताने विचारलं, पुन्हा? मी नाही अशी मान हलवली. तो तसाच राहिला.

शनिवारी सकाळी मी खिडकी उघडी ठेवली. खालचं शिवणयंत्र चालू होतं. स्वतःचा आवाज बोळातून वर येताना ऐकणं विचित्र असतं. वाटतं, आपण खाली आहोत आणि वर कुणी दुसरंच उभं आहे. माझं बोलणं सुरू असतानाच केव्हातरी यंत्र थांबलं. मग ते मिनिट आलं. भिंतीला धरून, बोळातून, त्या सगळ्या खिडक्यांसमोरून आईचा श्वास वर चढत आला. मग कडी. मग चमचा. मग ती म्हणाली, दार हळू लाव गं.

पुढच्या आठवड्यात स्टेशनवर चारशेहून जास्त पत्रं आली. काहींनी रागाने लिहिलं. एकाने लिहिलं, की फसवणूक ती फसवणूकच, आणि सोबत स्टेशनची दिनदर्शिका परत पाठवली. संचालकांनी सगळ्यांना उत्तरं देण्याचं स्वतःकडे घेतलं. त्यांनी पूर्ण केलेल्या उत्तरांची चळत मी पाहिली आहे.

निळ्या शाईचं पत्र आलं नाही. बाईंच्या भाचीचा फोन आला. ऑपरेशन पुढे ढकललं होतं, रक्तातली साखर उतरेना म्हणून. मावशी खाटेवर पडून कार्यक्रम ऐकत होती. संपल्यावर तिने रेडिओ बंद करायला सांगितलं आणि म्हणाली, “मला वाटलंच होतं. इतका सारखा श्वास जाग्या माणसाचा नसतो.” आणि मग भाचीने सांगावं की नाही असं करत सांगितलं, की मावशीचा तुमच्यासाठी एक निरोप आहे. झोपलेल्या माणसाला औषधासाठी उठवावंच लागतं. तिने हजारदा उठवलंय.

मी आभार मानले. त्या निरोपाने काही सुटलं असं मी म्हणणार नाही. दुपारी चार वाजता ग्रंथालयाचं दार कुणी ढकललं, की अजूनही माझी मान वर होते.

बाबांचे शिलकीतले कार्यक्रम आता सगळ्यांना ठाऊक असून लागतात. आज सहा उरले आहेत. सव्वासहाला मी त्यांचा जुना रेडिओ लावते आणि टेबलाशी बसते. ते विचारतात, उठलात का? मी चहाचं आधण ठेवलेलं असतं. शेवटच्या प्रार्थनेआधी ते म्हणतात, आता मिनिटभर थांबू या, आणि तोपर्यंत पाणी उकळायला लागून झाकण वाजू लागतं.

मी उठून गॅस बंद करते. अगदी हळू, बटणाचाही आवाज होऊ न देता. ती झोपलेली असते.